आईचा फोटो आणि करडी शाई

रामबाग, इंदूर

प्रिय नंदू,

प्रिंटर घेतला. फोनवर तू विचारलंस, 'कुठला घेतलास आणि का?' तेव्हा 'पत्रात लिहितो' म्हणालो, कारण हे सगळं सुरू झालं आईच्या फोटोपासून.

तुला तो फोटो आठवत असेलच. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या, म्हणजे होळकरांच्या दगडी समाध्यांच्या, पायरीवर आई बसलीय, अंगावर काळी चंद्रकळा, आणि मागे तू खडे भिरकावतोयस. बाबांनी याशिका कॅमेऱ्यावर काढलेला, कृष्णधवल. ती निगेटिव्ह स्कॅन करून इथल्या एका दुकानातून प्रिंट काढून आणली. दुकानात ट्यूबलाइटखाली छान वाटली. सकाळी ओसरीवर उजेडात धरली, तर आईच्या गालावर हिरवट झाक! चंद्रकळेचा तर नुसता काळा ठोकळा झाला होता. पदर कुठला, निऱ्या कुठल्या, काही कळेना. फार वाईट वाटलं रे.

मग कारण शोधलं. सहा शायांच्या बऱ्याच फोटो प्रिंटरांत काळी, निळी, गुलाबी, पिवळी आणि जोडीला फिकी निळी, फिकी गुलाबी असते. करडी नसतेच. मग राखाडी छटा बरीचशी रंगांच्या मिश्रणातून येते, आणि उजेड बदलला की ते मिश्रण उघडं पडतं. तेव्हाच ठरवलं, करडी शाई नसलेला प्रिंटर घ्यायचा नाही.

एप्सनचा एल ८१८० जवळजवळ घेतलाच होता. त्यात एक करडी आहे, शाई बाटलीतून भरायची, म्हणून प्रिंट स्वस्त पडते. पण त्यातल्या फोटोच्या शाया डाय प्रकारच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या, आणि मला पिगमेंट, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची शाई हवी होती. भिंतीवर वर्षानुवर्षं राहणाऱ्या फोटोसाठी माझा भरवसा तिच्यावरच. शेवटी कॅननचा पिगमेंट शाईचा प्रो-३०० घेतला. ए३ प्लसपर्यंत, म्हणजे ए३पेक्षा थोड्या मोठ्या कागदापर्यंत छापतो. दहा कार्ट्रिज, त्यांत करडी एक आणि काळ्या दोन, एक चकचकीत कागदासाठी, दुसरी मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या कागदासाठी. दोन्ही कायम आतच असतात, कागद बदलला तरी शाई बदलत बसावं लागत नाही. मात्र एकेका कार्ट्रिजमध्ये शाई जेमतेम १४.४ मिली, त्यामुळे खर्च भरपूर. हे तुझ्यापासून लपवत नाही.

तू घेशील तेव्हा दुकानातले तयार नमुने बघू नकोस, ते रंगीत फुलांचे असतात. आपली फाइल पेनड्राइव्हवर ने. मी जेल रोडवरच्या दुकानात आईचाच फोटो छापायला लावला आणि प्रिंट घेऊन रस्त्यावर उन्हात जाऊन उभा राहिलो. गाल राखाडीच राहिला.

कागदाने मात्र घाम काढला. आधी सुती मॅट कागद आणला, ३०८ जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड. हाताला सुंदर, पण त्यावर काळा तितका गडद उतरेना, चंद्रकळा धुरकट झाली. मग बॅरायटा, म्हणजे जुन्या डार्करूमच्या फोटोसारखा किंचित चकाकी असलेला कागद लावला. प्रिंट बाहेर येताना आधी छत्रीचा दगड दिसला, मग आईचे केस, आणि मग पदर. नंदू, काळ्यात काळी घडी दिसली! काठाशी सुटलेला एक दोरासुद्धा. मी हिला हाक मारली, तर ती ओल्या हातांनीच धावत आली.

छटा मी किंचित उबदार ठेवलीय. आपल्याच इंदुरात प्रसिद्ध छायाचित्रकार राजा दीनदयाल १८६६ मध्ये बांधकाम खात्यात नकाशे काढायला आले आणि पुढे कॅमेऱ्याकडे वळले. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर त्या काळी प्रिंट काढत, त्यांचा तपकिरी ऊबदारपणा माझ्या डोळ्यांत बसलाय. कंप्युटरवर प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे छपाईच्या सेटिंगमध्ये, ब्लॅक अँड व्हाइट निवडलं की ही छटा सरकवता येते. थोडंच सरकव, नाहीतर चहा सांडल्यासारखं दिसतं.

आणि उन्हाळ्यात प्रिंटर बंद ठेवू नकोस. शाई सुकून नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, चोक होतात. मी दर रविवारी एक पान काढतो.

तुझ्यासाठीची प्रिंट दोन दिवस वाळवून, नळीत घालून पाठवतोय. खिडकीपाशी नेऊन बघ. तुझ्या हातातला खडा दिसतो. काकांच्या निगेटिव्ह ट्रंकेत असतील तर आधी बाहेर काढ, पावसाळा तोंडावर आलाय. माझ्याकडे पाठवून दे, सगळ्या स्कॅन करतो.

तुझा,
विनू