ताप नसला तरी

ती. आई-बाबांस, सा. न.

आई, प्रतिकारशक्ती वाढवायची ती पावडर बाबांना देऊ नकोस. अल्झायमरमुळे त्यांच्या मेंदूतली प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, चिडलेली आहे. बाबा, हे तुम्हीही वाचा, तुमच्यापासून लपवावं असं यात काही नाही.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. राखण त्याच करतात, केरही त्याच काढतात. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा गाळ साचतो, तो त्या वेढून आवरतात. 2013 मध्ये 'ट्रेम-2' या जनुकातला एक दोष सापडला. तो असला की हे वेढणं ढिलं पडतं आणि आजाराचा धोका वाढतो. म्हणजे या पेशी हव्यातच. पण वर्षानुवर्षं गाळाशी झुंजून त्या भडकतात, दाह पसरवतात, मज्जापेशींमधले चांगले सांधेसुद्धा खाऊन टाकतात. अशात लघवीचा किंवा छातीचा संसर्ग झाला, की रक्तातून त्याची वर्दी मेंदूपर्यंत जाते आणि त्या आणखी पेटतात.

म्हणून बाबा एक-दोन दिवसांत अचानक जास्त गोंधळले, दिवसा गुंगीत राहिले, जेवेनासे झाले, तर 'आजार वाढला' असं धरू नकोस. अल्झायमर महिन्यांनी सरकतो, दिवसांत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. संसर्ग झाला तरी या वयात बऱ्याचदा ताप नीट चढत नाही. आत्ता बरे असताना आठवडाभर रोज एकाच वेळी थर्मामीटर लावून आकडा कॅलेंडरवर लिही. नेहमी 97 असेल तर 99 म्हणजे तापच. लघवी तपासल्याशिवाय घरातली उरलेली अँटिबायोटिक देऊ नकोस. म्हातारपणी त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडतात, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवरही औषध सुरू करायचं नसतं. बद्धकोष्ठता आणि नवीन सुरू झालेली गोळी, हेही डॉक्टरांना सांग.

सगळ्यात जास्त जप जेवताना. घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो आणि या आजारात तोच फार घात करतो. पलंगावर टेकवून भरवू नकोस. खुर्चीत ताठ बसव, लहान घास दे, तोंडातला गिळून झाल्यावरच पुढचा. जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नकोस. रात्री दात घासायचेच, कवळी काढून धुवायची. तोंडातले जंतूच लाळेबरोबर छातीत उतरतात.

दाह आहे म्हणून रोज ब्रुफेन, हेही नको. अशा गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांत स्मृतीला फायदा झाला नाही, पोट आणि मूत्रपिंड मात्र दुखावू शकतं.

फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. नागिणीच्या लसीचे दोन डोस, मध्ये 2 ते 6 महिने. ती तूही घे, आई. पहिल्या डोसची तारीख कळव, मी त्या आठवड्यात येते.

तुमची,
मनू