रेपियर सोडायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

पत्र मराठीत आहे, तुम्हाला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. पण माझ्यासारखी, तलवारीला हात न लावता तलवारबाजीचे प्रवेश शिकवणारी माणसं आमच्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांच्याही नजरेला पडावं म्हणून हा खटाटोप.

लंडनच्या तुमच्या तलवारबाजीच्या शिकवणीच्या त्या दोन दिवसांत आम्ही नऊ जण होतो, सगळे शेक्सपिअरच्या काळातल्या नाटकांचे अभ्यासक. मी रेपियर, म्हणजे ती लांब, सरळ, भोसकायची तलवार, लाटण्यासारखी मुठीत आवळली. तुम्ही काही न बोलता माझी तर्जनी उचलून मुठीच्या आडव्या दांडीपलीकडे नेऊन ठेवलीत, आणि टोकाची थरथर थांबली. किलोभरच वजन, पण पाच मिनिटांत खांदा भरून आला. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधला मर्क्युशिओ टिबॉल्टला 'अंकगणिताच्या पुस्तकाबरहुकूम लढणारा' म्हणून हिणवतो, हे मी वर्षानुवर्षं विनोद म्हणून सांगत आले. इटालियन तलवारबाज सॅव्हिओलोच्या 1595च्या पुस्तकाप्रमाणे पावलं टाकताना माझाच हिशेब चारदा चुकला.

खरं ऋण मात्र 'हॅम्लेट'च्या शेवटच्या द्वंद्वाचं. प्रतिस्पर्धी लेअर्टिसची विषारी रेपियर हॅम्लेटच्या हाती जाते कशी? 1623च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित छापील आवृत्तीत) एवढंच आहे की झटापटीत रेपियर बदलतात. मी 'नाटककाराची सोय' म्हणून पुढे सरकायचे. तुम्ही सँ-दिदिएच्या तलवारबाजीवरच्या 1573च्या फ्रेंच पुस्तकातली चित्रं दाखवलीत आणि मलाच समोर उभं केलंत. तुमचा डावा हात माझ्या मुठीवर आला, मनगट पिळलं गेलं. "आता तुम्ही माझी धरा!" मी घाबरून धरली. सोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दोघांनीही सोडली, आणि तुमची रेपियर माझ्या डाव्या हातात! 1603च्या क्वार्टोत (या एकाच नाटकाच्या छोट्या छापील प्रतीत) तर चक्क 'एकमेकांच्या रेपियर पकडतात' असं आहे. ती प्रत भ्रष्ट म्हणून मी त्या क्रियापदाकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. आणि अदलाबदल अशी झाली, तर आपलं विष कुणाच्या हातात गेलं हे लेअर्टिस डोळ्यांनी बघतो. नटाला याहून काय हवं?

"असं करता येतं, एवढंच सिद्ध झालं. शेक्सपिअरच्या नटाने, बर्बेजने, असंच केलं, असं लिहू नका," हे तुमचं बजावणंही लक्षात आहे. (इंग्रज तलवारबाज जॉर्ज सिल्व्हरवरचं तुमचं प्रेम मात्र मला पटलेलं नाही. 1599 साली इटालियन मास्तरांवर एवढी आगपाखड करणारा माणूस मला तरी नुसता चिडका वाटतो.)

पुण्याला परतल्यावर वर्गात लाकडी फूटपट्ट्या घेऊन हे करून दाखवलं. एक मोडली. मग मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, द्वंद्वाचा निरोप आणणारा ऑस्रिक तर रेपियर आणि खंजीर म्हणतो. डाव्या हातात खंजीर असेल तर पकडणार कशाने?" 1604च्या क्वार्टोत खंजीर आहेतच, फोलिओत त्यांच्या जागी हातमोजे आले आहेत, इथवर मी सांगितलं. पुढचं तुम्हाला विचारून सांगते म्हटलंय. ती दर तासाला आठवण करते.

तुमची,
मनगट अजून दुखणारी विद्यार्थिनी