पिन बसली म्हणून चार्जर लावू नका

मा. संपादक साहेब,

दरवर्षी पेरण्या उरकल्या की आपल्या शेतीच्या पानावर फवारणीची काळजी छापून येते, मास्क लावा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका वगैरे, आणि 2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर गेले त्यानंतर तर ते यायलाच पाहिजे. पण ज्या पंपाने फवारायचं त्याच्या बॅटरीबद्दल आणि चार्जरबद्दल कधी एक ओळ वाचायला मिळत नाही. दांडा मारायचा पंप आता राहिलाय कोणाकडे? 2024 ला महाडीबीटी या सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर कापूस-सोयाबीनवाल्यांकडून बॅटरी पंपासाठी अर्ज मागवले होते, म्हणजे सरकारनेही धरलंय की पंप आता बॅटरीचाच. मी तालुक्याच्या गावी मोटार, पंप, टॉर्च असलं रिपेअरिंग करतो आणि सिझनला दुकानात जे बघतो त्यावरून लिहितोय.

गडबड अशी आहे की पंपावर 12 व्होल्ट लिहिलेलं असतं, पण आतली बॅटरी वेगवेगळ्या जातीची असते. जुन्या पंपात लेड ॲसिडची, दोन-अडीच किलोची, तिचा चार्जर 14.4 च्या आसपास जातो आणि मग खाली येऊन थांबतो, ते तिला चालतं. नवीन हलक्या पंपात लिथियम येतं. त्यातही साध्या लिथियम आयनचे तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतील तर एका सेलला 4.2 व्होल्ट म्हणजे तिघांचे मिळून 12.6, त्याच्या वर एक पॉइंट जायला नको. आणि लिथियम फॉस्फेटचे चार सेल असतील तर 14.6 ला फुल. आता बघा, तिन्हींवर 12 व्होल्ट, तिन्हींची चार्जिंगची गोल पिन बहुतेक वेळा सारखीच, आणि उंदराने वायर कुरतडली किंवा चार्जर हरवला की माणूस दुकानात जातो, दुकानदार पिन लावून बघतो, लाल लाइट लागला की म्हणतो चालतंय, घेऊन जा. नळाचा आटा बसला म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं असं थोडंच असतं!

ॲसिडचा किंवा फॉस्फेटचा चार्जर तीन सेलवाल्या लिथियमला लावला तर एकेका सेलवर 4.8 पर्यंत व्होल्टेज यायला बघतं. उलटं केलं, म्हणजे 12.6 चा चार्जर फॉस्फेटला लावला, तर धोका नाही, बॅटरी जेमतेमच भरते आणि पंप लगेच बसतो एवढंच. पण पहिला प्रकार वाईट. लोक म्हणतात आम्ही दोन सिझन असंच चार्ज करतोय, काही झालं नाही. झालं नाही कारण आत बीएमएसची, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटची पट्टी असते, व्होल्टेज जास्त झालं की ती लाइन तोडते. पण ती शेवटचा बंदोबस्त म्हणून बसवलेली आहे, रोजचं चार्जिंग थांबवायचं काम चार्जरचं. आणि फवारणी पंपात ती पट्टी कशी राहते ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही, टाकी गळते, औषधाचं पाणी खाली झिरपतं, सोल्डरवर हिरवा थर चढतो. अशी पट्टी ऐनवेळी लाइन तोडेल याची गॅरंटी मी तरी देणार नाही.

टॉर्चचं तर त्याहून अवघड. शेतीची लाइट रात्रीची असली की पाणी द्यायला टॉर्चशिवाय जाता येत नाही, बिबट्याची भीती आहे तिकडे तर नाहीच नाही. स्वस्तातल्या टॉर्चला मागे पिन असते, सरळ बोर्डात खुपसायची, आत 4 व्होल्टची छोटी ॲसिड बॅटरी आणि चार्जरच्या नावाखाली एक कपॅसिटर आणि चार डायोड. ते सर्किट कधी थांबत नाही, बॅटरी भरली तरी करंट सोडतच राहतं. ॲसिड बॅटरी ते सहन करते, फार तर सुकते. ती सुकली की काही रिपेअरवाले, आमच्याच धंद्यातले, तिथे जुन्या लॅपटॉपचा लिथियम सेल टाकून देतात कारण उजेड जास्त पडतो आणि गिऱ्हाईक खूश. हे करू नये. लिथियम टाकायचाच असेल तर 4.2 ला थांबणारं चार्जिंग सर्किट आणि प्रोटेक्शन सोबत टाका, नाहीतर गिऱ्हाइकाला नवीन टॉर्च घ्यायला सांगा.

सुटे 18650 सेल, म्हणजे बोटाएवढे गोल लिथियम सेल, घेताना वर 9800 एमएएच एवढी क्षमता छापलेली दिसली तर तो सेल ठेवून द्या. त्या साइजमध्ये चांगल्या कंपनीचा सेल साधारण 3500 च्या आसपास जातो आणि त्याचं वजन 45 ग्रॅमच्या जवळपास भरतं, हातात घेतला की नकली हलका लागतो. पेन्सिल सेलचंही थोडं सांगतो, रिचार्जेबल निकेलवाला 1.2 व्होल्टचा असतो, साधा 1.5 चा सेल चार्जरमध्ये घालायचा नसतो, तो फुटून गळतो. आणि त्याच साइजचा 3.7 व्होल्टचा लिथियम सेलपण मिळतो, दिसायला सेम, तो निकेलच्या चार्जरमध्ये घालू नका आणि रिमोटमध्येही नाही.

आता जागा. दुपारी उन्हातून पंप आणला, टाकी तापलेली, तसाच चार्जिंगला लावायचा नाही, सावलीत गार होऊ द्या, 45 डिग्रीच्या वर लिथियम चार्ज करू नये असं असतं. आणि आमच्या भागात वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच, त्याच खोलीत बोर्ड, त्याच बोर्डावर रात्रभर पंप आणि टॉर्च. वसईला सप्टेंबर 2022 मध्ये स्कूटरची बॅटरी घरात रात्री चार्जिंगला लावलेली होती, तिचा स्फोट होऊन 7 वर्षांचा मुलगा गेला. तिथे कापूस नव्हता तरी! ओट्यावर, फरशीवर, माणसं जागी असताना चार्ज करा. पेटलीच तर आधी मेन बंद, धुरात थांबू नका, तो विषारी असतो, आणि मग लांबून भरपूर पाणी. वाळू टाकून ज्वाळ दबते पण सेल आत तापतच राहतात आणि परत भडका घेतात.

माझी मागणी काही मोठी नाही. कृषी केंद्रवाल्यांनी चार्जर देताना त्यावर मार्करने मराठीत लिहावं, कुठल्या बॅटरीचा आणि किती व्होल्टला थांबणारा. अनुदानाचा पंप वाटताना कृषी खात्याने हेच पंपावर चिकटवून द्यावं आणि त्याच जातीचा जादा चार्जर तालुक्याला मिळेल असं बघावं. लिथियम बॅटरीवर आयएस 16046 हा सरकारी मानकाचा आकडा आणि आरने सुरू होणारा नोंदणी नंबर असतो, मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो नंबर टाकला की खरा-खोटा कळतो, हे गिऱ्हाइकाने दुकानातच करावं, घरी येऊन नाही. फुगलेली बॅटरी भंगारात फेकायची नसते, 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून घ्यायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, पण तालुक्याच्या ठिकाणी ती द्यायची कुठे हे आपल्या बातमीदाराने एकदा विचारून छापलं तर फार बरं होईल.

आपला,
एक रिपेअरवाला, दर्यापूर, जि. अमरावती

ता. क. सिझन संपल्यावर ॲसिडची बॅटरी फुल करून ठेवा आणि अधूनमधून चार्ज करत राहा, लिथियमची मात्र साधारण अर्धी भरलेली ठेवा, पत्र्याच्या शेडमध्ये नाही.