भांगेच्या औषधावर मराठीत इशारा का नाही?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

भांगेपासून केलेल्या आयुर्वेदिक औषधांचा बाजार वाढतो आहे. झोप लागत नाही, गुडघे दुखतात, किमोनंतर अन्न जात नाही, अशा तक्रारींवर ‘विजया’ (भांगेचेच आयुर्वेदातले नाव) अर्काची तेले, गोळ्या आणि आता तर चघळायच्या गमीजसुद्धा घरपोच मिळतात. हा व्यवहार कायदेशीर आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने चरस आणि गांजा बंद केले, पण व्याख्या करताना फुलोऱ्याशिवायची नुसती पाने आणि बी त्यातून वगळले. या पानांपासून, आयुर्वेदिक औषधाचा परवाना घेऊन ही उत्पादने तयार होतात. त्यांच्यावर बंदी घाला, असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्यांनी आराम पडलेले रुग्ण मला ठाऊक आहेत. माझी तक्रार आहे ती बाटलीवर काय छापले जाते आणि काय छापले जात नाही, याबद्दल.

औषधे व सौंदर्य प्रसाधने नियमावलीतला (१९४५) १६१ वा नियम आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर काय असावे ते सांगतो. त्याच नियमावलीत ‘ई-१’ नावाची एक यादी आहे. धोत्रा, बचनाग, कुचला, बिब्बा अशा विषारी द्रव्यांच्या पंगतीत तिथे भांगही बसली आहे. यातले द्रव्य असलेले औषध पोटात घ्यायचे असेल, तर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे असा ठळक इशारा छापावा लागतो, आणि तो इंग्रजी व हिंदी अशा दोन भाषांत. मराठी, कन्नड, तमिळ यांचा त्यात उल्लेखच नाही. जास्तीची भाषा छापायला कोणी मनाई केलेली नाही, पण सक्ती नसताना आपणहून मराठी छापणारी कंपनी माझ्या पाहण्यात आलेली नाही.

मी बरीच वर्षे औषधाचे दुकान चालवले. गल्ल्यावर आलेल्या अशा एका बाटलीची गोष्ट सांगते. एक आजोबा ती खिशातून काढून म्हणाले, “काय हो ताई, हे कानात घालायचं का नाकात? पोरानं पुण्याहून धाडलंय, फोनवर नीट कळंना.” तपकिरी काचेची तीस मिलीची बाटली, टोपणाला रबरी फुगा आणि काचेची नळी, म्हणजे अगदी कानातल्या थेंबांसारखी. समोर सोनेरी शाईत भांगेचे पान आणि इंग्रजीत ‘वेलनेस’. इशारा होता. मागच्या बाजूला, बॅच नंबर आणि एमआरपीच्या मध्ये, मला चष्मा कपाळावर सरकवून बाटली उजेडात तिरकी धरावी लागली इतक्या बारीक टायपात. नियमात ‘ठळक’ लिहिले आहे, पण किती मिलिमीटर म्हणजे ठळक, हे लिहायचे राहिले. आजोबा रक्त पातळ होण्याची गोळी घेत होते. भांगेतल्या घटकांनी त्या गोळीचा परिणाम वाढू शकतो आणि रक्तस्रावाचा धोका संभवतो. याविषयी बाटलीवर चकार शब्द नव्हता.

आता आकड्यांकडे येते, कारण खरा घोळ तिथे आहे. लेबलवर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते ‘३००० मिलिग्रॅम’. कशाचे? विजया अर्काचे. तीस मिलीत तीन हजार म्हणजे एका मिलीत शंभर. एका मिलीचे साधारण वीस थेंब धरले तर एका थेंबात पाच मिलिग्रॅम अर्क. इथवरचा हिशोब सातवीतले पोरही करील. पण नशा चढवणारे द्रव्य म्हणजे टीएचसी, आणि अर्कात ते किती आहे हे अर्कागणिक बदलते. एखाद्या अर्कात ते दहा टक्के असेल तर दहा थेंबांत पाच मिलिग्रॅम टीएचसी जाते, पन्नास टक्के असेल तर तेवढ्याच थेंबांत पंचवीस. कधी भांगेला न शिवलेल्या सत्तरीतल्या माणसाला पाचनेही गरगरेल. पंचवीसने तो रात्री बाथरूमला उठताना पडेल आणि खुब्याचे हाड मोडून घेईल. नियम १६१ घटक वनस्पतीचे नाव, तिचा वापरलेला भाग आणि प्रमाण छापायला सांगतो. त्या वनस्पतीतले टीएचसी मोजून छापा, असे सांगत नाही.

गंमत अशी की जिथे नशेचा प्रश्नच नाही, तिथे मात्र सरकार डोळ्यांत तेल घालून बसले आहे. भांगेचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. त्या बियांत टीएचसी किलोला पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. त्यांच्या पाकिटावर बियांखेरीज झाडाच्या कोणत्याही भागाचे चित्र, म्हणजे पानसुद्धा, छापता येत नाही, आणि नशेचा दुरून सुचवणारा उल्लेखही चालत नाही. चटणीच्या बियांना पानाचे चित्र वर्ज्य, आणि खरोखर झिंग आणणाऱ्या औषधावर तेच पान सोनेरी शाईत! एक खाते दुसऱ्या खात्याचा नियम वाचत नाही, एवढाच याचा अर्थ.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, चैनीसाठीसुद्धा. तिथला समाज वेगळा आणि त्यांचे सगळे आपण उचलावे असे नाही, पण पाकिटाचा विचार त्यांनी आधी केला. पाकीट साधे, भडक चित्रे नाहीत. लाल अष्टकोनात पान आणि टीएचसी ही अक्षरे. पिवळ्या चौकटीत आरोग्याचा इशारा, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत. टोपण लहान मुलाला न उघडणारे. खाण्याच्या वस्तूच्या अख्ख्या पाकिटात मिळून टीएचसी दहा मिलिग्रॅमच्या वर नाही. एवढे करूनही खाऊच्या रूपातला गांजा बाजारात आल्यावर लहान मुले चुकून तो खाऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढले. क्वीबेक प्रांताने मिठाई-गोळ्यांच्या रूपात विक्रीच होऊ दिली नाही. तिथली वाढ ओंटारिओ, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांपेक्षा कमी राहिली. म्हणजे टोपण आणि इशारा यांनाही मर्यादा आहे, हे मान्य. पण आपल्याकडे गमीज आहेत आणि मुलांना न उघडणाऱ्या टोपणाची सक्तीही नाही. स्ट्रॉबेरीच्या चवीची, अस्वलाच्या आकाराची वस्तू फ्रीजमध्ये दिसली तर चार वर्षांची नात ती ‘औषध’ म्हणून सोडून देणार आहे का?

कोणी म्हणेल, हे औषध चिठ्ठीवरच मिळते, मग डॉक्टर सांगतीलच. कागदावर बरोबर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले की ई-१ यादीतली द्रव्ये असलेली औषधे वैद्याची चिठ्ठी अपलोड झाल्याशिवाय विकू नयेत. पण काही संकेतस्थळांवर चिठ्ठी नसेल तर पाच मिनिटांच्या फोनवर ती तिथल्या तिथे तयार होते. आणि गावातल्या दुकानात? आयुर्वेदिक औषध विकायला विक्रीचा परवानाच लागत नाही. किराणा दुकानदारही ते ठेवू शकतो. ॲलोपॅथीच्या झोपेच्या गोळीसाठी आम्ही चिठ्ठ्यांच्या नोंदी जपत बसायचो, हे कशाला विसरू? ग्राहक आणि औषध यांच्यामध्ये जाणता माणूसच उभा नसेल, तर उरते ती बाटलीवरची छपाई.

कंपन्यांचे म्हणणेही मी ऐकले आहे. मोठा इशारा छापला तर रुग्ण घाबरतो, आधीच भांग म्हटले की लोक नाक मुरडतात. यात तथ्य नाही असे नाही. म्हणूनच बहुधा पुढे ‘विजया’ असते आणि भांग हा शब्द शोधावा लागतो. पण तंबाखूच्या पाकिटावर आपण एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के जागा इशाऱ्याला दिली आहे. औषधाला तेवढी नको. मराठीत चार ओळी पुरतील, दुरून वाचता येतील अशा: यात भांग आहे. गुंगी येते, गाडी चालवू नका. पोटात घेतल्यावर असर यायला दोन तासही लागतात, तोवर दुसऱ्यांदा घेऊ नका. मुलांपासून कुलपात ठेवा. गरोदर व स्तनदा मातांसाठी एक ओळ वेगळी. आणि सिंगापूरला मुलाकडे निघालेल्या आई-वडिलांसाठी आणखी एक, ही बाटली देशाबाहेर नेऊ नका. तिथला कायदा ‘आयुर्वेदिक’ या शब्दाला भुलत नाही.

नियम बदलणे केंद्राच्या आयुष मंत्रालयाच्या हाती आहे. तोवर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला एक गोष्ट लगेच करता येईल. दुकानांतून आणि ऑनलाइन अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या विकत घ्याव्यात, प्रयोगशाळेत त्यांतले टीएचसी मोजावे आणि बाटलीवर छापलेला आकडा व मोजलेला आकडा शेजारी-शेजारी ठेवून जाहीर करावा. तो तक्ता आपल्या दैनिकाने पहिल्या पानावर छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त औषधविक्रेती, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे)