मामा, तुम्ही घाम बघितलात

मामा, सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही पैसे घेत नाही. पाचशेची नोट खिशात कोंबली, ती बिलाच्या बशीत बडीशेपेखाली परत आली. पुन्हा दिली, पुन्हा आली. मग दोस्ताची बायकोच म्हणाली, ‘घेत नाहीत तर नाही, चार माणसांना कळू दे तरी.’ म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव घालत नाही, बारचंही नाही. बेळगावच्या शहापूर-वडगावात ज्यांना ओळखायचं ते बरोबर ओळखतील. तुमच्या पोराच्या मोबाईलवर वाचून घ्या.

त्या शनिवारी दोस्त उद्यमबागेतून थेट आला होता. फाउंड्रीत दिवसभर कास्टिंगची भानगड, दुपारचा डबा तसाच. आता जेवण येईलच म्हणून रात्रीची शुगरची गोळी त्याने टेबलावरच घेतली. पण बारमध्ये जेवण कधी येतं ते काय सांगायचं! आधी पेग, मग शेंगदाणे, मग आणखी एक पेग, मग कुणाची तरी जुनी गोष्ट, आणि चपातीची ऑर्डर अगदी शेवटी, किचन बंद व्हायच्या बेताला. दुसरा पेग संपेपर्यंत त्याची जीभ जड झाली. ग्लास धरताना हात थरथरायला लागला. उगाच चिडायला लागला. शेजारच्या टेबलावरून टोमणा आला, ‘दोनातच विमान?’

तुम्ही तिकडून ऑमलेट घेऊन येत होता. आमच्या टेबलापाशी थांबलात आणि म्हणालात, ‘घाम बघा की हो. पंख्याखाली बसून एवढा घाम येतो काय? दारूचं नव्हे हे. शुगरची गोळी हाय काय यांना?’

पुढचं सगळं तुम्हीच केलंत. कुणीतरी उतरवायला म्हणून मीठ घालून लिंबू पाजायला निघाला होता, त्याला बाजूला केलंत. दुसऱ्याने सोड्याची बाटली पुढे केली, तर ‘सोड्यात साखर कुठली?’ म्हणून तीही परत. पाण्यात तीन चमचे साखर ढवळलीत आणि आधी त्याला हाक मारून बघितलीत, उत्तर देतो काय ते. गिळतोय याची खात्री केलीत आणि मगच ग्लास तोंडाला लावलात. ‘शुद्ध गेली असती तर थेंबभर पण घालायचं नाही, छातीत जातंय,’ हे आम्हाला सांगत सांगत. पाचदहा मिनिटांत त्याचे डोळे जागेवर आले. तोवर तुम्ही रिक्षाही बोलावली होती, कारण तुमच्या मते साखर दिली म्हणजे काम संपलं असं नाही.

आणि तेच खरं निघालं. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. त्यांनी समजावलं ते इथं लिहितो, कारण शनिवारी बसणाऱ्या कितीतरी जणांच्या खिशात ती गोळी असते. रक्तातली साखर खाली आली की आपलं यकृत साठ्यातली सोडतं, नवी तयार करतं, आणि गाडी सावरते. पण पोटात दारू असली की यकृत तिच्यामागे लागतं आणि नवी साखर करायचं काम मागे पडतं. त्यात उपाशी पोट, म्हणजे साठाही तोकडा. वर ग्लिमेपिराइडसारखी गोळी इन्शुलिन ढकलतच असते. रक्तातली साखर ७० च्या खाली आली की कमी धरतात, ५४ च्या खाली गेली की धोका. या गोळीचा असर तासन् तास राहतो, म्हणून एकदा सावरलेला माणूस पहाटे झोपेत पुन्हा खाली जाऊ शकतो. घरी नेऊन ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणणं त्यामुळेच वाईट. थरथर, घाम, अडखळती जीभ, चिडचिड, सगळी लक्षणं पिलेल्या माणसासारखीच, आणि तोंडाला वास असला की दुसरा विचार कोण करतो? साखर कुणी दिली, असं डॉक्टरांनी विचारलं. बारमधल्या मामांनी, म्हटल्यावर त्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाले, ‘मापसुद्धा बरोबर.’

हे कुठं शिकलात ते तुम्ही नंतर सांगितलंत. काकू इन्शुलिनवर आहेत, रात्री-अपरात्री घरात हे होतं. शिवाय त्याआधीची तुमची नोकरी. २००७ मध्ये कर्नाटकात अरॅक, म्हणजे पाकिटातली स्वस्त दारू, बंद होईपर्यंत तुम्ही त्या पाकिटांच्या दुकानात होता. तिथं पडलेला माणूस पडलेलाच राहायचा, आणि त्यातला कोण पिऊन पडलाय, कोण आजारी आहे, हे बघायला कुणाला सवड नव्हती, म्हणालात. तेव्हापासून तुम्ही आधी कपाळ बघता.

आता दुसरी बाजू. दोस्ताला याआधीही एकदा असंच झालं होतं, हायवेकडच्या एका बारमध्ये. नाव घेत नाही. तिथं त्याला धरून बाहेर पायरीवर बसवलं आणि पहिलं काम काय, तर बिल. त्या बिलातही न मागवलेल्या दोन पाण्याच्या बाटल्या आणि कुणी न खाल्लेलं चिली चिकन. त्या रात्री रस्त्यापलीकडच्या टपरीवरचा गोड चहा पिऊन तो योगायोगाने सावरला. ‘तेही तेच असणार,’ असं डॉक्टर म्हणाले तेव्हा त्याच्या बायकोच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

बार म्हटलं की लोक दर बघतात. वाइन शॉप सीएल-२ परवान्याचं, तिथं छापील किमतीला बाटली मिळते, पण बसून प्यायची परवानगी नाही. बार सीएल-९ परवान्याचा, तिथं टेबल-खुर्चीचे जादा पैसे जातात. मला विचाराल तर ते पैसे टेबलाचे नसतातच, टेबलाकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसाचे असतात. तसा माणूस नसेल तर वाइन शॉपच बरं. तुम्ही माप समोर धरून ओतता, तीसचं माप काठोकाठ. बाटली टेबलावर आल्याशिवाय बूच काढत नाही. गाडीची किल्ली बघितली की ‘सर, रिक्षा सांगू काय?’ विचारता. आपल्याकडे बाहेर पाट्यांच्या भाषेवरून कितीही रान पेटू दे, आत तुम्ही बैलहोंगलच्या गिऱ्हाईकाशी कन्नड, आमच्याशी मराठी, कॅम्पातल्या फौजीशी हिंदी बोलता आणि बिल तिघांनाही सारखंच जड जातं.

सगळं गोड लिहिलं तर तुम्हीच हसाल. तुमच्या बारमधले शेंगदाणे बहुतेक वेळा सादळलेले असतात. टीव्हीचा आवाज क्रिकेट असो की बातम्या, एकाच उंचीवर. आणि संडासाच्या दाराची कडी. ती मालकांना सांगा, फार दिवस झाले.

दोस्त बरा आहे. डॉक्टरांनी गोळी बदलली. दारू सोडलीच पाहिजे, असं बायकोचं म्हणणं आहे. तो ‘बघू’ म्हणतो. तूर्त तो लिंबू-सोडा घेतो, साखर घालून की न घालून यावर घरी वाद चालू आहे. त्या दिवसापासून तुम्ही आमच्या टेबलाला पेगच्या आधी जेवण विचारता, ते तसंच चालू ठेवा, आम्ही कितीही कुरकुरलो तरी.

तुम्ही पैसे घेत नाही म्हणून आम्ही तिघांनी मिळून एक ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजच्या पावडरीचा डबा आणलाय. येत्या शनिवारी काउंटरवर देतो. मीटर काकूंसाठी घरी न्या, डबा बारमध्येच ठेवा. मालकांना विचारलंय, काउंटरखालच्या खणात जागा आहे म्हणाले. नव्या पोरांना तो कुठं ठेवलाय आणि कधी काढायचा, हे तेवढं तुम्ही शिकवा.

तुमचा,
खिडकीकडच्या टेबलावरचा एक