कुंजुम बंद झाला म्हणालीस

पोरी,

कुंजुमची खिंड बंद झाली, स्पितीतनं मनालीला जायचा रस्ता आता उन्हाळ्यापर्यंत विसरा, असं काल तू काझाहून सांगितलंस आणि फोन कट झाला. पण त्याआधी बोलता बोलता तू दोनदा थांबलीस. दम लागतोय ना? खरं सांग. नाहीतर राहू दे, ह्यावर एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो.

फोटो आईला दाखवले. मातीची घरं, माळवदावर रचलेला चारा. म्हणाली ही तर आपली वाडीच की, नुसते मागचे डोंगर पांढरे. बरोबरच आहे तिचं. आपला पाऊस सह्याद्री अडवतो, महाबळेश्वरला 5,000 मिलिमीटरच्या वर आणि त्याच जिल्ह्यात आपल्या माणला 500 चे वांधे, तसा स्पितीचा हिमालय अडवतो. तिथं बर्फ वितळलं की कूलमधनं, म्हणजे पाटातनं, रानात पाणी येतं, पाळीपाळीनं. आणि नगदी पीक म्हणजे मटार, उन्हाळ्यात ट्रक भरायचे आणि त्या पैशावर वर्ष काढायचं. एका पिकावरचं जगणं काय असतं ते मला विचार. 72 च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो, आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायचो, दुपारी सुकडी मिळायची, तिचा वास अजून नाकात आहे.

तू म्हणालीस ना गद्दी लोक उन्हाळ्यात मेंढरं घेऊन वर चढतात आणि थंडीला कांगड्याकडं उतरतात, तेव्हा मला आजाच दिसला. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचा, पावसाच्या आधी माघारी. त्याला कधी दम लागला नाही. पण तो आयुष्यभर चालणारा माणूस, आणि काझा 3,600 मीटरच्या वर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. हे बघ, आलं परत तेच.

थोरल्या पोराला सगळी जमीन आणि धाकटे गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, ही तिथली जुनी रीत तू सांगितलीस त्यावर मी दोन दिवस विचार करतोय. आपण वाटण्या करून करून पट्ट्या केल्या, बांधापायी बापू बोलत नाही. त्यांची जमीन तरी एकत्र राहिली. पण त्या धाकट्याला कुणी विचारलं असेल का?

आता ऐक. पाणी पीत जा, चढावर घाई नको, डोकं दुखायला लागलं तर गोळी घेऊन शाळेत जायचं नाही, दवाखान्यात जायचं, आणि बुखारी, ती खोलीतली शेगडी, पेटती ठेवून दारंखिडक्या बंद करून झोपायचं नाही. किन्नौरकडचा रस्ता चालू असतो म्हणतात, त्रास वाढला तर त्या बाजूनं सरळ खाली उतर, नोकरीचं नंतर बघू.

रागावू नको. सत्तावीस वर्षांच्या मास्तरणीला मी काय शिकवणार. परवा बाजारात सरपंचांनी विचारलं, पोरगी कुठं असते? मी सांगितलं, जिथं यंदाचा बर्फ पडलाय तिथं पोरं शिकवते. एवढं बोललो आणि गळा दाटला.

म्हसवडच्या रथाला तू नाहीस, पहिल्यांदाच. गुलाल तुझ्या वाटणीचा मी उधळतो. पार्सलात घोंगडं आहे, शेंगदाण्याची चटणी आहे. बाजरीचं पीठ घातलं नाही, पोचेपर्यंत कडू पडेल. बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं मशीन खालच्या कप्प्यात, सेल वेगळे बांधलेत. आकडा रोज आईला पाठव. मला नको, मी रात्रभर बघत बसेन.

तुझे आप्पा