स्पीडगनला चकवणारी लाईट कशाला हवी?

संपादक साहेब,

हल्ली गाडीला इन्फ्रारेड लाईट लावा, पोलिसांची लेझर गन फसते असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. अहो, ती गन डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे (तरंगलांबी साधारण ९०५ नॅनोमीटर) पल्स, म्हणजे क्षणिक झोत सोडते, ते गाडीवरून परत यायला किती वेळ लागला ते मोजते आणि अंतर कसं बदलतंय त्यावरून स्पीड काढते, त्यामुळे नुसते त्या लाईटचे एलईडी सतत पेटवून ठेवले तर ती सहसा फसत नाही, त्यासाठी तसेच पल्स उलट फेकणारा जॅमर लागतो. आणि तो लावला तरी रीडिंग येत नाही म्हटल्यावर पोलिसांना संशय येणारच ना! स्पीड दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, ती कुठला जॅमर कमी करणार? असली यंत्रं विकणाऱ्यांनाही पकडा.

– एक वाचक